आधी छत बघा, मग फ्लॅश घ्या

वाचकांचे प्रश्न : फोटोग्राफी

प्रश्न : काकू, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावसभावाचा जुना कॅनन १५००डी आणि त्याची १८-५५ची लेन्स माझ्याकडे आलीय. मे महिन्यात आत्तेबहिणीचं लग्न आहे. हळद त्यांच्या माळवदाच्या जुन्या घरात आणि लग्न अक्कलकोट रस्त्यावरच्या कार्यालयात. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशने सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक येतात, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. वरून लावायचा फ्लॅश घ्यायचाय, पण सहा हजारांच्या वर जाता येणार नाही. गोडॉक्सचा एक ३३ नंबरचा दिसतो, टीटी५२० टू, आणि एक ६० नंबरचा, टीटी६००. साठचाच घ्यावा ना?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : अगं, दुसरा कुठला कॅमेरा असता तर ‘घे साठचा’ म्हणून मोकळी झाले असते. पण १५००डी म्हणालीस, म्हणून पैसे देण्याआधी एक काम कर. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी पत्र्याची खाच असते, तिच्यात वाकून बघ. मधोमध पितळी रंगाचा एक मोठा गोल ठिपका दिसतो का? का नुसतेच बारीक चार-पाच ठिपके आहेत? कॅननने ३०००डी, २००डी मार्क टू आणि १५००डी अशा स्वस्तातल्या कॅमेऱ्यांतून तो मधला ठिपका काढून टाकलाय. तुझ्यातही बहुधा नसणार.

नसला तर काय बिघडतं? तू म्हणतेस ते दोन्ही फ्लॅश त्या एकाच ठिपक्यावर चालतात. त्यांच्या पायाला मध्ये एकच पिन असते. कॅमेऱ्याने ‘आता पेट’ म्हणायचं आणि फ्लॅशने पेटायचं, एवढंच त्यांचं बोलणं. ठिपका नसला की फ्लॅश खाचेत घट्ट बसतो, मागचा लाल दिवा लागतो, हाताने बटण दाबलं तर झगमगतोसुद्धा, पण फोटो काढताना ढिम्म. नवी पेठेत दुकानदार तुला टेस्टचं बटण दाबून दाखवेल आणि डबा हातात देईल. तेवढ्यावर जाऊ नकोस. आपला कॅमेरा घेऊन जा, त्यावर लाव, चार फोटो काढ, स्क्रीनवर बघ आणि मगच पैसे दे.

आता ठिपका आहे असं धरू. मग टीटी६०० घे, माझं काही म्हणणं नाही. फक्त साठ म्हणजे तेहतिसाच्या दुप्पट, असा हिशोब करू नकोस. हा गाइड नंबर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १०० असताना त्याला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाच्या, आकड्याने भागलं की फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचतो ते कळतं. साठला आठाने भाग, साडेसात मीटर. पण कंपनीने हा साठ मोजलाय तो फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरवर झूम करून, म्हणजे उजेडाचा झोत अगदी अरुंद करून. तुझी लेन्स १८ ते ५५ची. तिला झोत रुंद लागतो आणि रुंद केला की नंबर बराच खाली येतो. तेहतिसवाल्याला झूमच नाही, त्यामुळे डब्यावर दिसतो तेवढा फरक तुझ्या हातात उरत नाही. तरीही मी साठचाच घे म्हणते, कारण उजेड छतावर मारायचा असला की ताकद कधी पुरत नाही. छतावरून उलटून येईपर्यंत त्याचा चौथा हिस्सा उरला तरी नशीब समजायचं.

तुझी खरी अडचण त्या दोन जागांची आहे. पांढरेफटक चेहरे आणि काळी सावली का येते? उजेड लेन्सच्या अगदी डोक्यावरून सरळ नाकावर येतो म्हणून. जास्त नंबरचा फ्लॅश घेऊन तो तसाच सरळ मारलास तर फोटो तसेच येतील, फक्त लांबच्या माणसांचेही तसे येतील. म्हणून फ्लॅशची मान वर झाली पाहिजे आणि आडवीही फिरली पाहिजे. मान न फिरणारा फ्लॅश कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस.

माळवदाच्या घरात मान वर करून उपयोग नाही. वर सागाची काळी पडलेली तुळई आणि फळ्या. त्या उजेड गिळतात, आणि जो थोडा परत येतो तो तपकिरी होऊन येतो. तिथं बाजूच्या भिंतीवर मार. भिंत चुन्याची पांढरी असेल तर सोनं. आपल्याकडं पुष्कळ घरांत हिरवा नाहीतर आकाशी रंग असतो, आणि तोच रंग नवरीच्या गालावर येतो. मग एका बाजूला दोरीवर पांढरी स्वच्छ चादर टाक. पांढरीच, आपली नक्षीची सोलापुरी चादर नव्हे, नाहीतर हळदीच्या फोटोत नवरी लालेलाल दिसायची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय, ऑटोवर न ठेवता फ्लॅशच्या चिन्हावर ठेव, खोलीतले पिवळे बल्ब जमलं तर बंद करायला सांग. हळदीचा पिवळा आणि बल्बचा पिवळा एकदा मिसळले की नंतर कॉम्प्युटरवर वेगळे करताना जीव जातो.

सुरुवात आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर ५.६, शटर १/१२५ सेकंद आणि फ्लॅश पाव ताकदीवर, अशी कर. हे फ्लॅश मॅन्युअल आहेत, ताकद तुलाच ठरवायची. लोक याला घाबरतात. पण चादर आणि पाट जागचे हलत नाहीत. एकदा जमलं की पूर्ण हळद त्याच आकड्यांवर निघते. शटर १/२००च्या पुढं नेऊ नकोस, फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

कार्यालयाचं मात्र तसं नाही. छत उंच, त्याखाली गुलाबी-पिवळं कापड ताणलेलं, आणि माणसं सारखी पुढंमागं. तिथं छताचा नाद सोड. मान वर कर, मागच्या बाजूला पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद रबरबँडने बांध, थोडा उजेड त्यावरून पुढं येऊ दे. लग्न दुपारच्या मुहूर्ताचं असेल आणि नवरानवरी उन्हात उभे असतील, तर तिथं फ्लॅश सरळच मार, पण कमी ताकदीवर. फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडते ती उठवण्यापुरता.

ठिपका नसला तर? मग दोन रस्ते. पहिला, टीटी६००च घ्यायचा, पण कॅमेऱ्यावर लावायचाच नाही. त्यात एस२ नावाचा मोड असतो. दुसरा फ्लॅश पेटलेला दिसला की हा पेटतो. तो फ्लॅश चादरीकडं तोंड करून कपाटावर ठेवायचा, कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश उघडायचा, त्याची भरपाई, म्हणजे फ्लॅशचा उजेड कमीजास्त करायची सोय, उणे दोनवर न्यायची, म्हणजे तो चेहऱ्यावर मारत नाही, नुसता इशारा देतो. एस१ नको. कॅमेऱ्यातला फ्लॅश आधी मोजमापासाठी एकदा बारीक पेटतो, एस१ त्यालाच फसतो आणि फोटोच्या आधीच पेटून मोकळा होतो. घरच्या हळदीला हा रस्ता झकास. कार्यालयात निकामी, कारण तिथं ठरवलेल्या फोटोग्राफरचा फ्लॅश, पाहुण्यांचे फ्लॅश, कुणाच्याही इशाऱ्यावर तुझा पेटत राहील. शिवाय त्या फोटोग्राफरच्या फोटोत तुझा उजेड घुसेल आणि तो बिचारा वैतागेल. त्याचं ते पोट आहे.

दुसरा रस्ता म्हणजे कॅननचाच जुना फ्लॅश घेणं. ४३०ईएक्स टू हा २००८चा. त्याचा नंबर ४३, मान दोन्हीकडं फिरते, आणि तो बारीक ठिपक्यांवरून कॅमेऱ्याशी बोलतो, म्हणून मधला ठिपका नसला तरी अडत नाही. ताकदही कॅमेरा मोजून स्वतः ठरवतो, कार्यालयातल्या धावपळीत त्याचा फायदाच. तुझ्या पैशात असा वापरलेला मिळू शकतो. मी तुझ्या जागी असते आणि ठिपका नसता, तर हाच शोधला असता.

जुना घेताना सेलचं झाकण आधी उघड. आत हिरवट-पांढरी पूड धरलेली असेल तर तिथूनच परत फिर. पुढच्या काचेतून आतली नळी बघ, फार काळवंडलेली नको. पायाची पकड हलते का बघ. मग सेल घालून पूर्ण ताकदीवर लागोपाठ मारून बघ, दर वेळी तयार व्हायला किती वेळ घेतो. बरेच महिने कपाटात पडलेला फ्लॅश पहिल्यांदा सावकाश भरतो, म्हणून चालू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू दे आणि मग निकाल दे.

सहा हजारांतले थोडे बाजूला काढ, सेलसाठी. घड्याळात घालतो ते पेन्सिल सेल इथं कुचकामी, मंगलाष्टका संपायच्या आत मान टाकतात. चार्ज होणारे निकेलवाले घे, चारचे दोन संच. एनेलूप नावाचे मिळाले तर उत्तम. आणि मे महिना आहे, फ्लॅश गाडीत काचेमागं ठेवून जेवायला जाऊ नकोस. पूर्ण ताकदीवर सटासट मारलास तरी तो तापतो आणि थोडा वेळ हात वर करतो. त्याला दम घेऊ द्यायचा.

*

प्रश्न : वडिलांच्या पेटीत फिल्मच्या काळातला फ्लॅश सापडला. अजून पेटतो. नवीन डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तपासल्याशिवाय अजिबात लावू नका. त्या काळातल्या काही फ्लॅशच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटवायला धातूचं साधं बटण होतं, त्यांना काही होत नसे. आताच्या कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळू शकतं. फ्लॅश पूर्ण भरू द्या, मल्टिमीटरचं एक टोक मधल्या पिनेला आणि दुसरं पायाच्या कडेच्या पत्र्याला लावा. पाच-सहा व्होल्टच्या आत दाखवला तर हरकत नाही. जास्त दाखवला तर कॅमेऱ्यापासून लांब ठेवा. मल्टिमीटर सवयीचा नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या. उत्सुकतेपोटी फ्लॅश खोलू मात्र नका, आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही जोरदार झटका देण्याइतका भार राहतो.

*

प्रश्न : सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे, फोटो काढताना फ्लॅश वापरावा का? होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला?
– एक वाचक, बाळे

उत्तर : दारूकामाला फ्लॅश बंद. ट्रायपॉड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८ किंवा ११ आणि शटर तीन-चार सेकंद उघडा. तुमचा फ्लॅश आकाशात कुठवर जाणार? फार तर पुढच्या माणसाचं टक्कल उजळेल.

नंदीध्वजांना वापरायचाच असेल तर जपून. मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी फ्लॅशचा उजेड जसाच्या तसा परत फेकते, कपड्याच्या घड्यासुद्धा दिसत नाहीत. भरपाई उणे दीडवर न्या आणि शटर १/३०च्या आसपास ठेवा, म्हणजे काठीवरची रोषणाईही येते. आणि काठी पेलणाऱ्याच्या समोर उभं राहून त्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारू नका. एवढी जड काठी तो तोलावर धरून चालत असतो. बाजूला व्हा, काठी पुढं जाऊ द्या, मग तिरकस मारा.