ताई, एक विचारू का? — शाळा, ऊसतोड आणि ‘ती’ बिमारी

दिवाळीच्या आधीची ही डाक दरवर्षी अशीच असते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात, घराघरात कोण जाणार कोण राहणार याची गणितं चाललेली असतात, आणि त्यातच एचआयव्हीबद्दलचे प्रश्न येतात. मी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात बरीच वर्षं काढली, त्यामुळे हे प्रश्न माझ्याच टेबलावर येणार हे ठरलेलं. यावेळी त्यातली तीन पत्रं सविस्तर घेतेय, बाकीची शेवटी भराभर.

ताई नमस्कार. मी गेवराई तालुक्यात झेडपीच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. आठवीच्या ‘आरोग्य व रोग’ धड्यात एड्स आला की पोरं खाली मान घालून हसतात, मुली वहीत डोकं खुपसतात, आणि खरं सांगायचं तर मी पण व्याख्या लिहून देऊन पुढं जातो. 1 डिसेंबरला, एड्स दिनाला, फेरी काढतो, घोषणा देतो. हेडसर म्हणतात फार खोलात जाऊ नका, पालक भांडायला येतील.

सर, ‘मी पण पुढं जातो’ हे तुम्ही लिहिलंत त्यातच अर्धं काम झालं, बाकीचे कबूल पण करत नाहीत. हेडसरांची भीती अगदीच हवेतली नाही. 2007 मध्ये शाळेतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून आपल्याकडे एवढा गदारोळ झाला की सरकारने तो बंदच करून टाकला, आणि तेव्हापासून हा विषय म्हणजे गरम तवा. पण आता 2020 पासून आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा विषयच आहे आणि शाळेतल्या दोन शिक्षकांना त्याचं ट्रेनिंग द्यायचंय, त्यामुळे तुम्ही काही चोरून शिकवत नाही आहात. आधी पालकसभा घ्या, काय सांगणार ते त्यांना आधी सांगा. माझा अनुभव असा की भांडायला येतात ते न सांगता केलं म्हणून. आयांना तर कुणीतरी पोरींना नीट सांगावं असं मनातून हवंच असतं.

फेरीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. ‘एड्स टाळा’ म्हणून पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात, पण कशाने टाळायचा हे एकाही बोर्डावर लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा बुटाचा रिकामा खोका घ्या, वर फट पाडा, प्रत्येकाला सारख्या आकाराची चिठ्ठी द्या. नाव नाही, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ एवढं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय यावर कुणाचं लक्ष राहत नाही. मी एका शाळेत असं केलं होतं तेव्हा दोन चिठ्ठ्या आल्या त्या अजून डोक्यातून जात नाहीत. एक होती, ‘फडावर (ऊस तोडायच्या शेतावर) सगळ्यांची दाढी एकाच ब्लेडने करतात, त्याने होतं का’. दुसरी बारीक अक्षरात, ‘लग्न झाल्यावर होत नाही ना’. पुस्तकातल्या व्याख्येत या दोन्हीचं उत्तर नाही.

सांगायचं ते असं सरळ सांगा: निरोध न वापरता बाधित माणसाशी शरीरसंबंध आला, बाधित रक्त चढवलं, वापरलेली सुई दुसऱ्याने वापरली, किंवा आई बाधित असेल आणि औषध चालू नसेल तर पोटात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून बाळाला. बस. ‘निरोध’ शब्द उच्चारताना आवाज खाली आणू नका, पोरं तुमचा आवाजच आधी वाचतात. आणि एक तास तुमच्या इथल्या आयसीटीसीच्या समुपदेशकाला बोलवा, बाहेरच्या माणसाला पोरं जास्त विचारतात.

ताई, आम्ही नवरा बायको ऊसतोडीला जातो. पोरगी आठवीत आहे, वय 14. यंदा सासूबाई म्हणतात तिला सोबत न्या नाहीतर लग्न लावून टाका, वयात आलेली पोरगी गावात ठेवायची नाही. एक स्थळ पण आलंय, मुलगा ड्रायव्हर आहे, उचल (आगाऊ पैसे) मोठी मिळेल म्हणतात. आमच्या भावकीतली एक पोरगी अशीच लवकर दिली होती, तिला आता ती बिमारी निघाली. मला भीती वाटते पण घरात माझं कोण ऐकणार.

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भावकीतल्या पोरीचं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत पण खरं पत्र तिथंच आहे.

उचलीचं गणित तुम्हाला मी काय सांगणार, नवरा बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न लावलं की कोयता पुरा होतो आणि टोळीचा मुकादम जास्त उचल देतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. बीड जिल्ह्यात सरकारच्याच मागच्या कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांच्या वर बायकांची लग्नं 18 च्या आत झालेली निघाली. सासूबाई वाईट नाहीत हो, मागं पोरगी ठेवली आणि काही झालं तर बोल त्यांनाच लागणार हे त्यांना दिसतंय. पण लग्न झालं म्हणजे पोरगी सुरक्षित, हे चिठ्ठीतल्या त्या पोरीला वाटत होतं तसंच त्यांनाही वाटतंय, आणि ते खरं नाही. माझ्याकडं आलेल्या कित्येक बायका आयुष्यात एकाच माणसाबरोबर राहिलेल्या होत्या, नवऱ्याबरोबर. त्यांना कळलं ते पहिल्या गरोदरपणातल्या तपासणीत, हातात पाण्याची बाटली, बाहेर बाकावर सासू बसलेली. 14 वर्षांच्या पोरीने दहा वर्षांनी मोठ्या नवऱ्याला ‘तुम्ही तपासणी केली का, निरोध वापरा’ असं म्हणायचं कसं? सगळेच ड्रायव्हर तसले असतात असं मी अजिबात म्हणत नाही, शेतकरी असता, मास्तर असता तरी हेच लिहिलं असतं. प्रश्न पोरीच्या वयाचा आहे, तिला घरात तोंड आहे का याचा आहे.

आता शाळेचं. शाळा म्हणजे नुसती नोकरीसाठी असं धरू नका, या बिमारीपासून वाचवायला पण शाळा कामाला येते आणि हे मोजून पाहिलेलं आहे. आफ्रिकेत बोत्सवाना नावाचा देश आहे, तिथं ही साथ फार मोठी होती, चौघांत एकाला लागण अशी. 1996 मध्ये त्यांनी शाळेची रचना बदलली आणि दहावीपर्यंत शिकणं सोपं झालं. पुढं त्या पोरापोरींचं पाहिलं तर माध्यमिक शाळेच्या एकेका जादा वर्षामागं लागण होण्याचं प्रमाण साधारण 8 टक्क्यांनी खाली आलेलं, म्हणजे शंभरात 25 च्या जागी 17. मुलींमध्ये फरक अजून मोठा. मलावी देशात झोम्बा जिल्ह्यात शाळकरी मुलींच्या घरांना महिन्याला थोडे पैसे दिले, दीड वर्षाने त्या मुलींमध्ये लागण 1.2 टक्के आणि पैसे न मिळालेल्यांमध्ये 3 टक्के. आपल्याकडं साथ एवढी नाही, देशात मोठ्या माणसांमध्ये 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे तेच आकडे इथं तसेच लागू पडणार नाहीत. पण कारण इथलं नि तिथलं सारखंच आहे, शाळेत राहिलेल्या पोरीचं लग्न लांबतं, मोठ्या वयाच्या पुरुषाशी गाठ पडत नाही, आणि नाही म्हणायची ताकद येते.

म्हणून आता करायचं ते. पोरीला सोबत नेऊ नका, फडावर नेलं की शाळा सुटते, आणि कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नसतं हे तुम्हाला माहीतच आहे. टोळी निघायच्या आधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाचं विचारा, ऊसतोड्यांच्या लेकरांसाठीच ते चालवतात, सहा महिने जेवणाची सोय होते. पण मुलीच्या मुक्कामाची सोय नीट आहे का, रात्री बाई माणूस कोण असतं, हे स्वतः जाऊन बघा, नुसतं कागदावर विश्वासू नका. कस्तुरबा गांधी विद्यालय जवळ असेल तर तिथं तर राहायचीच सोय. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, तुम्ही परत येईस्तोवर मावशी नाहीतर आजोळ असेल तर ते पण चालेल, सासूबाईंना ‘एकटी ठेवत नाही, माणसात ठेवते’ असं सांगा, ते त्यांच्या पटकन गळी उतरेल.

स्थळाचं म्हणाल तर 18 च्या आत लग्न हा गुन्हा आहे आणि गावात ते थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. तुमचं नाव पुढं यायला नको असेल तर 1098 ला फोन करा, फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. भावकीतल्या त्या पोरीला मात्र एक निरोप द्या, गोळ्या चुकवू नको. औषध 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, फुकट आहे आणि ते नीट चालू असलं तर ती म्हातारी होईपर्यंत जगेल, बाळ पण निरोगी होऊ शकतं.

माझा पुतण्या 10 वर्षांचा, जन्मतः एचआयव्ही, आई-वडील दोघं गेले. पाचवीला नवीन शाळेत घालतोय. शाळेला सांगायचं का? कळलं तर काढून टाकतील का? – एक काका, लातूर जिल्हा

दादा, सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, त्यात या कारणावरून प्रवेश नाकारणं किंवा लेकराला वेगळं बसवणं हा भेदभाव धरलाय आणि परवानगीशिवाय कुणाला सांगायला पण मनाई आहे. एका शाळेत असं कळलं तेव्हा पालकांनी आपापली पोरं दोन दिवस घरी ठेवली होती, मी तिथं गेले, खिचडीच्या रांगेत त्याच लेकराच्या शेजारी बसून त्याच ताटातली खिचडी खाल्ली, भाषण केलं नाही. तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं परत आली. सगळी नाही, खोटं कशाला सांगू.

एका विश्वासातल्या शिक्षकाला सांगितलेलं बरं असं माझं मत आहे, कारण महिन्याला एक दिवस औषधाला जावं लागतं आणि खाडा लागतो. कबड्डीत गुडघा फुटला तर? कुणाचाही फुटला तरी हातमोजा नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी घालूनच पुसायचं, वेगळा नियम नको. आणि महिला-बालविकासच्या ऑफिसात बालसंगोपन योजनेचा अर्ज द्या, महिन्याला 2250 रुपये मिळतात, तुमच्या पुतण्यासारख्या लेकरांसाठीच आहे. पोराला स्वतःला कधी सांगायचं हे पण आता मनात घ्या, ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून कुठवर चालवणार, बारा-तेराव्या वर्षी तो पाकिटावरचं नाव मोबाईलवर शोधणारच.

आता भराभर.

डास चावून, एका ताटात जेवून, शौचालयातून, पाण्याच्या टाकीतून होत नाही. लग्नाआधी दोघांची टेस्ट करावी का असं एका भावी नवरदेवाने विचारलंय, करा की, कुठल्याही आयसीटीसीत फुकट आणि नाव गुप्त, पण धोका होऊन आठवडा झाला असेल तर लगेच निगेटिव्ह आलं म्हणून नाचू नका, तीन महिन्यांनी परत करा. एका पत्रात मैत्रिणीला लागण व्हायचा धोका झाला होता असं लिहिलंय, त्यात 72 तासांच्या आत दवाखाना गाठला असता तर लागण टाळायला 28 दिवसांचं औषध देता आलं असतं, पुढच्या वेळी कुणावर तशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा. फोनवर विचारायचं असेल तर 1097, फुकट, मराठीत बोलतात.

आणि चिठ्ठीतल्या त्या ब्लेडचं. त्याने एचआयव्ही व्हायची शक्यता फार कमी असते, पण काविळीचे दोन प्रकार रक्तातून पसरतात आणि ते एचआयव्हीपेक्षा चिवट आहेत. ब्लेड दोन-चार रुपयाला मिळतं, टोळीत प्रत्येकाचं वेगळं ठेवा.