प्रश्न वाचकांचे : कन्सल्टेशन पेपर शेवटून वाचावा

इंटरनेटचे नियम ठरतात त्या जागी आपल्याला कसं पोहोचता येईल आणि इतरांना त्यासाठी कसं तयार करावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना ही उत्तरं.

आमच्या महाविद्यालयात इंटरनेट धोरणावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. आजवर वक्ते बोलावले. मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात, पुढे काही होत नाही. नेमकं काय शिकवावं?
— प्राध्यापिका, नांदेड

वक्ता एकच ठेवा, तोही तासाभरापुरता. उरलेला सगळा वेळ एका कागदाला द्या. आपल्याकडे सर्वांत सोयीचा कागद म्हणजे ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) कन्सल्टेशन पेपर, म्हणजे नियम करण्याआधी लोकांची मतं मागवणारा कागद, कारण त्याची वाट ठरलेली असते. पेपर निघतो, साधारण चार आठवडे अभिप्रायांना मिळतात, पुढचे दोन आठवडे इतरांच्या अभिप्रायांवर प्रति-अभिप्रायांना, मग ओपन हाउस (समोरासमोरची खुली चर्चा) आणि शेवटी शिफारशी किंवा नियम. हीच वाट दोन दिवसांत चालून दाखवता येते.

विद्यार्थी पंचवीसच्या वर नकोत. जास्त झाले की तेच पाच-सहा जण बोलत राहतात. ज्याचा निकाल लागला आहे असा जुना पेपर घ्या, म्हणजे शेवटी ताडून पाहता येतं. डेटाच्या वेगवेगळ्या दरांविषयीचा ९ डिसेंबर २०१५ चा पेपर सरावाला उत्तम आहे. त्यात प्रश्न चारच आहेत आणि ८ फेब्रुवारी २०१६ ची नियमावली ही त्याची उत्तरपत्रिका.

पेपर पहिल्या पानापासून वाचायला दिलात तर दहाव्या पानाला वर्ग पेंगायला लागतो. ट्राय चर्चेचे प्रश्न शेवटी एकत्र देते. तिथून सुरुवात करा. प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या आणि त्या प्रश्नाशी संबंध असलेले परिच्छेद मागे जाऊन शोधायला सांगा. पहिली सकाळ यातच जाईल, जाऊ द्या.

दुपारी एका पानाचं उत्तर लिहायचं. आधी आपली बाजू (हो, नाही किंवा अमुक अटीवर हो), मग कारण, मग पुरावा आणि शेवटी नियमात कोणते शब्द हवेत ते. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मसुदा लिहिणाऱ्याला तोच हवा असतो. 'ग्राहकांचं हित जपलं जावं' या वाक्याला कोणाची हरकत नसते, आणि त्याचा कोणाला उपयोगही नसतो. पुरावा दिल्लीहूनच यायला हवा असं नाही. गावातल्या दोन कंपन्यांच्या रिचार्जच्या दरांचा तारखेसह केलेला तक्ता हाही पुरावाच.

दुसऱ्या सकाळी कागदांची अदलाबदल करा. एक गट मोबाइल कंपनी, एक ग्राहक संघटना, एक नवउद्योजक. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कारणांवर प्रति-अभिप्राय लिहायचा. आपल्या मताच्या विरुद्ध बाजू वाट्याला आली तर जास्त चांगलं. दुपारी ओपन हाउस: प्रत्येकी तीन मिनिटं, घंटा वाजली की खाली बसायचं. त्यानंतरच २०१६ च्या नियमावलीसोबतचं स्पष्टीकरण वाचायला काढा आणि आपला कोणता मुद्दा तिथे दिसतो ते शोधा.

दोन चुका मुलांना आवर्जून सांगा. त्या पेपरच्या वेळी फेसबुकच्या फ्री बेसिक्सला (ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या योजनेला) पाठिंबा देणारे लाखो साचेबंद संदेश ट्रायकडे गेले. पेपरातल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नव्हतीच, आणि ट्रायने कंपनीला तसं कळवलंही. ढीग मोठा होता, पण विचारलं एक आणि उत्तर भलतंच. दुसरी चूक पाठवणाऱ्याच्या अंगाशी येते. एप्रिल २०१५ मध्ये त्याआधीच्या एका पेपरवर आलेले दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायने पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले होते. अभिप्राय हा सार्वजनिक कागद आहे असं धरूनच लिहा. त्यात घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर घालू नका.

कायद्याच्या किंवा नियमांच्या मसुद्यावर लिहायचं असेल तर निबंध नको. चार रकाने आखा: कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार अशा मसुद्याला किमान तीस दिवस मिळायला हवेत. त्यातले पहिले दहा 'कोणीतरी लिहीलच' म्हणण्यात जातात, हे धरून वेळापत्रक करा.

तालुक्याच्या गावात आमचं ब्रॉडबँडचं छोटं काम आहे. आयपी पत्त्यांचे नियम कुठेतरी बाहेर ठरतात आणि आम्ही पाळतो. आमच्या माणसांना तिथे बोलता येतं का?
— इंटरनेट व्यावसायिक, सांगली जिल्हा

येतं, आणि त्यासाठी सभासद असण्याचीही अट नाही. आशिया-पॅसिफिक भागाचे आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या जोडण्यांचे ओळख क्रमांक) एपीनिक ही संस्था वाटते. तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. भारतात हे काम निक्सी या संस्थेचा इरिन विभाग बघतो. एपीनिकच्या पॉलिसी सिग या धोरणं ठरवणाऱ्या गटाच्या मेलिंग लिस्टवर (सामूहिक ईमेल चर्चेत) कोणीही नाव नोंदवू शकतं आणि प्रस्तावही मांडू शकतं.

याचा तुमच्या धंद्याशी थेट संबंध आहे. १५ एप्रिल २०११ ला एपीनिककडचा आयपीव्ही४ चा (जुन्या पद्धतीच्या, मोजक्याच पत्त्यांचा) साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यानंतर नव्या सभासदाला त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ मध्ये प्रस्ताव क्रमांक १२७ संमत झाला आणि ही मर्यादा ५१२ वर आली. हा बदल याच वाटेने झाला.

प्रस्तावाचा साचा ठरलेला आहे: अडचण, उद्देश, इतर खंडांत काय चालतं, सुचवलेला उपाय, फायदे-तोटे, पत्तेधारकांवर परिणाम आणि संदर्भ. वर्षातून दोन मोठ्या बैठका होतात. बैठकीच्या किमान चार आठवडे आधी प्रस्ताव लिस्टवर यावा लागतो. आपली माणसं इथे हटकून उपाय आधी लिहितात आणि अडचण मागाहून जुळवतात. मग पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. शिवाय इथे बहुमत चालत नाही, सहमती लागते. पन्नास जणांनी 'पाठिंबा' लिहिण्यापेक्षा एकाची सकारण हरकत भारी पडते, म्हणून हरकतीला उत्तर द्यायला शिका.

सुरुवातीला कार्यालयातल्या एकाच इंजिनियरला हे काम नेमून द्या. आठवड्याला एक तास. त्याने सहा महिने नुसतं वाचावं आणि एका चालू प्रस्तावाचा आपल्या नेटवर्कवर काय परिणाम होईल ते दर महिन्याला अर्ध्या पानात मराठीत लिहावं. एपीनिक अकॅडमीचे ऑनलाइन पाठ मोफत आहेत. आयपीव्ही६ चे (नव्या पद्धतीच्या पत्त्यांचे) आधी करा.

मराठी अक्षरं इंटरनेटच्या पत्त्यांत नीट चालावीत यासाठी भाषाप्रेमी मंडळींना काही करता येईल का? आम्ही इंजिनियर नाही.
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

चाचणी करता येईल, आणि ते काम इंजिनियरपेक्षा तुम्ही चांगलं कराल. डॉट भारत हे देवनागरी टोक २०१४ पासून नोंदणीला खुलं आहे, पण अनेक संकेतस्थळांचे फॉर्म असले पत्ते घेत नाहीत. वीस स्थानिक संकेतस्थळं निवडा: बँका, पतपेढ्या, शाळा, वीजबिल. आधी नावाच्या रकान्यात 'कमल' लिहा, मग 'कविता'. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं, तर फॉर्म लिहिणाऱ्याने अक्षरांना परवानगी दिली आणि काना-मात्रा-वेलांटी विसरला, असा जवळजवळ नक्की अर्थ. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ही चिन्हं अक्षरांच्या वर्गात नसून वेगळ्या वर्गात मोडतात. 'भारत' या शब्दातही काना आहे, त्यामुळे असा फॉर्म डॉट भारतचा प्रत्येक पत्ता नाकारतो.

नंतर देवनागरी ईमेल पत्ता टाकून पाहा. लगेच लाल अक्षरं आली तर दोष फॉर्मचा. फॉर्म गेला पण मेल आला नाही तर बहुधा मेल सर्व्हरचा. पत्ता 'एक्स-एन-डॅश-डॅश'ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत दिसला तर दोष फक्त दाखवण्याचा. तक्रारीत हा फरक लिहिलात तर ती योग्य माणसाच्या टेबलावर जाते.

'ऱ्या'कडे खास लक्ष द्या. हा आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो: खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांचा जागतिक कारभार बघणारी संस्था. तिच्या टॉप-लेव्हल नावांच्या (पत्त्याच्या शेवटच्या टोकाच्या) नियमांत ते अदृश्य चिन्ह चालत नाही, ऱ चालतो. हे नियम निओ-ब्राह्मी जनरेशन पॅनेल या भारतीय लिप्यांच्या गटाने केले. ते बदलायचे झाले तर आयकॅन मसुदा जाहीर अभिप्रायासाठी खुला करते, आणि तिथे उच्चार-लेखनाचं मराठीचं उदाहरण द्यायला मराठीचा शिक्षकच हवा.

आयकॅनची फेलोशिप मिळवायची आहे. ऑनलाइन कोर्सची पाच प्रमाणपत्रं आहेत, पण इंग्रजी बोलताना अडखळते. निवड होईल का?
— विद्यार्थिनी, लातूर

प्रमाणपत्रांवर फार भिस्त ठेवू नका. आयकॅन लर्नचे मोफत पाठ करून ठेवलेले बरे, पण ते उंबरठ्यापुरते. २००७ पासून चालणाऱ्या या फेलोशिपमध्ये प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो, म्हणून अर्जांची गर्दी असते. 'मला शिकायचं आहे' या वाक्यावर बहुतेक अर्ज संपतात. तुम्ही कोणत्या गटात काम करणार ते लिहा (सामान्य वापरकर्त्यांसाठी ॲट-लार्ज आहे) आणि एखाद्या चालू विषयावर तुम्ही पाठवलेल्या अभिप्रायाचा दुवा द्या. बैठकीच्या कित्येक महिने आधी अर्ज बंद होतात. त्याआधी इंडिया स्कूल ऑन इंटरनेट गव्हर्नन्स या इंटरनेटच्या कारभारावरच्या अभ्यासवर्गासाठी प्रयत्न करा. तो २०१६ मध्ये हैदराबादेत सुरू झाला.

इंग्रजीचं म्हणाल तर आयकॅनच्या अनेक सत्रांत बोललेलं पडद्यावर लगोलग टाइप होत असतं आणि नंतर उतारेही मिळतात. एका सत्राचा उतारा घ्या, त्यातल्या तीस पारिभाषिक शब्दांची मराठी अर्थासह वही करा, मग त्याच सत्राचं ध्वनिमुद्रण ऐका. सत्रात बोलायची वेळ येईल तेव्हा आधी नाव, मग एक प्रश्न, दोन वाक्यांत, कागदावरून वाचून. अनेक जुनीजाणती मंडळीही तिथे वाचूनच बोलतात.