बदली सदस्य चालेल?

प्रिय कॅप्टन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंतिम फेरीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुमच्या पाचांतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाची सोय होणार नाही, 'बदली सदस्य चालेल', असं आयोजक म्हणतात. आणि खाली तू लिहिलंयस, "मॅडम, तो स्वतःच म्हणतो की तुम्ही जा, माझं काही नाही." त्या ओळीवर मी अडले.

आधी एक जुनी हकिकत सांगते. नायगरा धबधब्याजवळच्या बफेलो शहरात एक विद्यापीठ आहे. तिथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखोटीला मारून धावण्याचा. हंगाम संपला की चांगल्या संघांना 'बाउल' नावाच्या सामन्यांची आमंत्रणं येतात. १९५८ साली बफेलोच्या पोरांनी नऊपैकी आठ सामने जिंकले, पूर्वेकडच्या छोट्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम संघाला मिळणारा लॅम्बर्ट कप घेतला आणि फ्लोरिडातल्या ऑर्लँडोहून टँजरीन बाउलचं बोलावणं आलं. विद्यापीठाला असं आमंत्रण पहिल्यांदाच येत होतं. बफेलोत डिसेंबर म्हणजे गुडघाभर बर्फ. त्या पोरांना फ्लोरिडाचं ऊन म्हणजे काय वाटलं असेल, विचार कर.

पाठोपाठ अट कळली. ते मैदान ज्या शालेय क्रीडा संघटनेच्या ताब्यात होतं, तिच्या नियमानुसार तिथे काळे आणि गोरे एकत्र खेळू शकत नव्हते. बफेलोच्या संघात दोन काळे खेळाडू होते, विली इव्हान्स आणि माइक विल्सन. इव्हान्स चेंडू घेऊन धावणारा, संघाचा मोठा आधार. विल्सन राखीव. म्हणजे विल्सनशिवाय संघाचं फारसं अडलं नसतं. असा हिशेब करणारं डोकं प्रत्येक गटात एक तरी असतं, तुमच्यातही असेल.

निर्णय खेळाडूंवर सोपवला होता. ते मतदानासाठी जमले. पण गुप्त मतदानाची गरजच पडली नाही, सगळ्यांचं एकमत होतं. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की सोडायचं होतं ते गोऱ्या पोरांनी सोडलं. इव्हान्स आणि विल्सनला आधी बाजूला घेऊन "तुमची हरकत नाही ना?" असं विचारून त्यांच्याकडून मोकळीक लिहून घेतली नाही.

आमच्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं होतं. एकांकिका घेऊन परगावी जायचं होतं, उतरायची सोय कुणाकुणाच्या घरी. यजमानांनी सर्वांची आडनावं मागवली. मग एका मुलीबद्दल निरोप आला की 'हिची सोय जमणार नाही'. कारण कुणी उच्चारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आमच्यातल्या दोघी तिच्या खोलीवर गेल्या, त्यातली एक मी. "तुला चालेल ना गं?" ती म्हणाली, "चालेल की." दुसऱ्या दिवशी पहाटे ती एसटी स्टँडवर आली, आमच्या नऊवारींना रात्री बसून केलेली इस्त्री घेऊन. मधे वर्तमानपत्राचे कागद घालून नीट घड्या घातल्या होत्या. आम्ही दुसरे आलो. ढाल कुठे आहे ते आता मला ठाऊक नाही, त्या घड्या मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत.

म्हणून सांगते, त्याच्या 'माझं काही नाही'वर विसंबू नकोस. त्याच्या जागी तूही तेच म्हणाला असतास.

आता तुला आवडणार नाही असा भाग. नकार दिल्यावर पुढे काही चांगलं घडतंच असं नाही. ऑर्लँडोचा सामना दुसऱ्या दोन संघांत झालाच. बफेलोला बाउल खेळायला मिळाला तो थेट जानेवारी २००९ मध्ये, टोरोंटोला. तोवर पन्नास वर्षं गेली, मधे १९७० नंतर काही वर्षं संघच बंद होता. टोरोंटोच्या त्या सामन्यातले बफेलोचे प्रशिक्षक टर्नर गिल स्वतः काळे होते, एवढं मात्र घडलं. सामना ते हरले, ३८-२०. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचं तर आणखी वाईट. १९५१ साली नऊच्या नऊ सामने जिंकूनही काळे खेळाडू असलेला संघ नको म्हणून त्यांचं बाउल हुकलं. आपल्या दोन काळ्या खेळाडूंना मागे ठेवून जायला संघ तयार नव्हता. आधीच तोट्यात असलेला तो संघ मग विद्यापीठाने बंदच केला. त्या दोघांतला ऑली मॅटसन पुढच्या वर्षी हेलसिंकीला ४०० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकून आला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनीही कांस्य मिळवलं. विषय सोडून गेले, पण त्यांचं, त्यांच्या गोळेश्वर गावाचं नाव निघालं की मला राहवत नाही.

तुमची स्थिती १९५८ पेक्षा बरी आहे. तिथे नियमच आडवा होता, इथे बहुधा नुसता कंटाळा आहे. तेव्हा नकार ही दुसरी पायरी धर. आधी आयोजकांना लिहा की फेरी तळमजल्यावर घ्या. पत्रावर पाचही जणांच्या सह्या हव्यात, त्याचीही, आणि पाचातला एक म्हणून; विनंती करणारा म्हणून नव्हे. दया, सहानुभूती असले शब्द नकोत. चार ओळी पुरेत. 'अन्यथा आम्ही येणार नाही' हे शेवटी लिहायचं की नाही, ते उद्याच्या बैठकीत ठरवा. मात्र त्याच्या समोर ठरवा, त्याच्या मागे नको. आणि त्याने 'माझ्यामुळे नको' म्हटलं तर त्याला सरळ सांग की हे तुझ्यामुळे नाही, जिन्यामुळे आहे.

मसुदा पाठव. अकरापर्यंत जागी असते मी.

तुझी,
मॅडम