संमतीपत्रावर सही केली म्हणून दाद मागण्याचा हक्क संपत नाही

डिचोली तालुक्यातील एका भगिनींनी लिहिले आहे की, वीस महिन्यांपूर्वी मडगावच्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी खालच्या जबड्यात उजवीकडे दोन इम्प्लांट (कृत्रिम दाताला आधार देण्यासाठी हाडात बसवायचे स्क्रू) बसवून घेतले. त्या दिवसापासून त्यांचा त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे; चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हे सांगितले, तेव्हा "हळूहळू बरे होईल" असे उत्तर मिळाले. सात महिन्यांनी एक इम्प्लांट हलू लागला. आता तो बदलण्यासाठी वेगळे पैसे मागितले जात आहेत, आणि तक्रार केली की सही केलेले इंग्रजी संमतीपत्र पुढे केले जाते. एकूण ८०,००० रुपये दिले, त्यांपैकी निम्म्याच रकमेची पावती आहे.

भगिनी, सर्वांत आधी मुदतीकडे लक्ष द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, म्हणजे आपल्या हातात जेमतेम चार महिने आहेत. विलंब माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. गोव्यातील सरकारी सेवेतल्या एका परिचारिकेच्या शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले की, इजा लगेच जाणवण्यासारखी असेल तर मुदत त्याच दिवसापासून मोजायची, आणि ती दडलेली असेल तर ती कळल्या दिवसापासून. त्या परिचारिकेची तक्रार मुदतबाह्य ठरली. आपले बधिरपण पहिल्या दिवसापासूनचे आहे, हे विसरू नका. वकिलाची नोटीस जरूर पाठवा. मात्र नोटिशीमुळे मुदत थांबत नाही, म्हणून उत्तराची वाट पाहत बसू नका.

आता मूळ प्रश्न. केवळ इम्प्लांट सैल झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे कायदा मानत नाही. टायटॅनियमचा हा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला काही महिने लागतात, आणि अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान किंवा जंतुसंसर्ग यांमुळे चांगल्या हातांनी बसवलेला इम्प्लांटही निकामी होऊ शकतो. त्यामुळे त्या एका मुद्द्यावर सारी तक्रार उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली खरी बाजू बधिरपणाची आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यावर हाड किती शिल्लक आहे हे आधी स्कॅनवर मोजले होते का, आणि भूल उतरूनही बधिरपण राहिले असे आपण तिसऱ्या दिवशी सांगितल्यावर तातडीने एक्स-रे काढून इम्प्लांट नसेवर दाबतो आहे का हे पाहिले का, या दोन प्रश्नांची उत्तरे समोरच्या पक्षाला द्यावी लागतील.

संमतीपत्राची भीती बाळगू नका. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे. नस दुखावू शकते, किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) वा काढता-घालता येणारी कवळी हाही पर्याय आहे, हे आपल्याला कळेल अशा मराठीत वा कोंकणीत कोणी सांगितले नसेल, तर तसे तक्रारीत स्पष्ट लिहा. शिवाय, धोक्याला दिलेली संमती ही हलगर्जीपणाला दिलेली संमती नव्हे.

या आठवड्यातच दवाखान्याकडे लेखी अर्ज करून केसपेपर, स्कॅन, एक्स-रे, संमतीपत्राची प्रत आणि इम्प्लांटच्या वेष्टनावरील लॉट क्रमांकाचे (उत्पादनाच्या तुकडीच्या क्रमांकाचे) लेबल मागा, आणि अर्जाची पोच घ्या. त्यानंतर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळात तपासणी करून बधिर भागाची नोंद केसपेपरवर करून घ्या, कारण निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे आणि तज्ज्ञाच्या मताने तक्रारीला बळ येते. सैल इम्प्लांट काढावा लागला तर आधी एक्स-रे घ्या आणि काढलेला इम्प्लांट मागून जपून ठेवा. पावती नसलेल्या रकमेसाठी पासबुकातील त्या दिवसांची पैसे काढल्याची नोंद आणि व्हॉट्सॲपवरील संदेश उपयोगी पडतील. ते पुसू नका.

दवाखाना मडगावचा असला तरी आपण राहता त्या उत्तर गोवा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास तक्रारीला शुल्क नाही. दिलेली रक्कम, पुढील उपचारांचा खर्च आणि झालेल्या त्रासाची भरपाई, असे तिन्ही मागा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल गोवा राज्य दंत परिषदेकडे वेगळी तक्रार करता येईल. तेथे भरपाई मात्र मिळत नाही. पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो.

यादरम्यान दवाखान्याने नवा इम्प्लांट फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली, तर ज्या कागदावर सही मागतील तो आधी वकिलाला दाखवा. "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असे वाक्य त्यात असेल, तर ओठाच्या बधिरपणाबद्दलची आपली मागणी त्यातून वगळल्याचे लिहून घेतल्याखेरीज सही करू नका.