आवाज वाढवला की कन्सोल रीस्टार्ट होतो: बॅटरी, बूस्ट आणि चार्जर कसे निवडावेत

तुमच्या घरी बनवलेल्या गेम कन्सोलची जोडणी अशी आहे: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा संगणक बोर्ड), साडेतीन इंची स्क्रीन, पीएएम८४०३ अँप्लिफायर, १५०० एमएएचची लिपो (चपटी लिथियम पॉलिमर बॅटरी), चार्जिंगला टीपी४०५६ आणि बॅटरीचा व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारा बूस्ट म्हणून एमटी३६०८. बॅटरी निम्मी उतरली की गेम लोड होताना किंवा आवाज वाढवताना बोर्ड रीस्टार्ट होतो. जास्त एमएएचची बॅटरी घेतली की भागेल का, असं तुम्ही विचारताय. नुसत्या एमएएचने भागणार नाही. आधी हिशेब करू.

चारही कोअर कामाला लागले की हा बोर्ड ०.६ अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅकलाइटसह स्क्रीनचे ०.२ आणि आवाज मोठा असताना अँप्लिफायरचे ०.३ धरा. झाले १.१ अँपिअर, म्हणजे ५.५ वॉट. बूस्टची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून ६.५ वॉट निघायला हवेत. बॅटरीचा व्होल्टेज उतरला तरी बूस्टला तेवढेच वॉट लागतात, म्हणून तो करंट वाढवून घेतो: ४.२ व्होल्टवर दीड अँपिअर, ३.३ वर जवळजवळ २.

आता वाटेत किती सांडतं ते बघा. साध्या लहान लिपोचा आतला रोध ०.१ ओहम धरा. तिच्या पिवळ्या टेपखालच्या संरक्षक पट्टीचा ०.०५, टीपी४०५६ च्या बोर्डावर डीडब्ल्यू०१ या संरक्षक चिपसोबत स्विचसारखी काम करणारी मॉसफेटजोडी असते, तिचा आणखी ०.०५, आणि २८ गेजची वायर (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर, तिचा ०.०६. एकूण ०.२६ ओहम. २ अँपिअरला अर्धा व्होल्ट इथेच गेला! मोकळी असताना मीटरवर ३.६ दाखवणारी बॅटरी बूस्टच्या तोंडाशी ३.१ होते, मग बूस्ट आणखी करंट मागतो आणि व्होल्टेज आणखी बसतो. रीस्टार्टचं मूळ बहुधा हेच.

पाय ३ किंवा ४ वर ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं. झीरो मालिकेत ती ओळखणारी सर्किटच नाही, त्यामुळे चिन्ह दिसत नाही म्हणजे पॉवर ठीक आहे असं समजू नका. मल्टिमीटर किमान नोंदीच्या मोडवर ठेवून पायच्या पिन २ आणि ६ वर (५ व्होल्ट आणि जमीन, म्हणजे ग्राउंड) मोजा, मग बूस्टच्या आउटपुटवर, मग इनपुटवर. बूस्टच्या आउटपुटवर ५.१ आणि पिनवर ४.७ असेल तर दोष वायरचा किंवा जंपरच्या टोकांचा. इनपुटच बसत असेल तर सेलकडे बघा. मीटर संथ असतो; खरा खड्डा त्याने दाखवल्यापेक्षा खोल असतो.

सेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खोक्यात १९ मिलिमीटर जाडी मिळत असेल तर चांगल्या कंपनीचा १८६५० (१८ मिमी जाड, ६५ लांब गोल लिथियम सेल) घ्या, ३००० एमएएचचा. सरासरी वापर ०.७ अँपिअर धरला तर सव्वादोन ते अडीच तास खेळता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सेल घ्यायला जाताना छोटा वजनकाटा सोबत न्या. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ९९०० एमएएच छापलेला सेल हातातही घेऊ नका, त्या आकारात तेवढं मावतच नाही. चपटीच लिपो हवी असेल तर ६०६०९० मापाची घ्या (६ मिमी जाड, ६० रुंद, ९० लांब, साधारण ४००० एमएएच) आणि फुगण्यासाठी वर दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. बॅटरीच्या छोट्या जेएसटी कनेक्टरची लाल-काळी बाजू विक्रेत्यागणिक उलटी असते. लावण्याआधी मीटरने तपासाच.

एमटी३६०८ वर २ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ३.३ वरून ५ व्होल्ट काढताना १ अँपिअरच्या पुढे तो तापतो आणि आउटपुट बसायला लागतं. तूर्त तोच वापरायचा असेल तर पाय जोडण्याआधी स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट लावा. नव्या बोर्डावर स्क्रू बरेच वळसे फिरवेपर्यंत आकडा हलत नाही, घाबरू नका. आकडा जमला की नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करा. ५.२५ च्या वर जाऊ देऊ नका. पायच्या ५ व्होल्ट पिनजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकल्यावर आवाजाचे झटके बरेच सुसह्य होतात, पण अपुरा बूस्ट त्याने पुरेसा होत नाही.

टीपी४०५६ ची अडचण वेगळी. चार्जिंग चालू असताना खेळलात तर बॅटरीत किती जातंय आणि कन्सोल किती खातोय हे त्याला कळत नाही. करंट ठरलेल्याच्या एक दशांशावर उतरला की तो थांबतो. खेळ चालू असेल तर तिथवर उतरतच नाही, आणि सेल ४.२ व्होल्टवर ताटकळत राहतो. १५०० च्या लिपोसाठी १ अँपिअर चार्जिंगही जास्तच आहे. १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.४ लावा, ते ५०० मिलिअँपिअर होतं.

लोड शेअरिंगवाला (चार्जिंग चालू असताना कन्सोलला बॅटरीऐवजी थेट चार्जरची पॉवर देणारा) चार्जर घेतलात तर ही भानगडच उरत नाही. अ‍ॅडाफ्रूटच्या पॉवरबूस्ट १०००सी मध्ये तो आहे, आउटपुट ५.२ व्होल्ट, आणि ईएन (चालू-बंदची) पिन जमिनीला टेकवली की आउटपुट पूर्ण तुटतं. त्यामुळे छोट्या सरकत्या स्विचमधून २ अँपिअर न्यावे लागत नाहीत. असे स्विच सहसा अर्ध्या अँपिअरचेच असतात. मात्र हा बोर्ड १ अँपिअरचा आहे, तुमचा कमाल वापर १.१. बॅकलाइट थोडा उतरवा, आवाजाला मर्यादा घाला, मग बसेल. आयपी५३०६ वाले पॉवरबँक बोर्ड स्वस्त आणि दणकट असले तरी चार्जर काढता-घालता क्षणभर आउटपुट तोडणारे बोर्ड त्यात बरेच आहेत, आणि तेवढ्यात तुमचा गेम गेला.

वायर सेलपासून बूस्टपर्यंत २२ गेजची सिलिकॉनची, जितकी आखूड जमेल तितकी. अँप्लिफायरची जमीन स्क्रीनच्या जमिनीतून न नेता थेट बूस्टपर्यंत न्या, स्पीकरमधली कुरकुर तिथेच कमी होते.

खर्च करण्याआधी वायर बदला, टीपी४०५६ चा बोर्ड वाटेतून काढून लिपो थेट बूस्टला जोडा (तिच्या टेपखाली संरक्षक पट्टी खरंच असेल तरच) आणि पुन्हा तीन ठिकाणी मोजा. ते आकडे इथे टाका.