डोळ्याचा आजार, मग किडनीची सोनोग्राफी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. सगळे म्हणायचे किती काळेभोर टपोरे डोळे आहेत, पण खिडकीचा पडदा सरकवला की ती डोळे गच्च मिटून घेते आणि एरवी बुबुळं सारखी हलत असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅनिरिडिया सांगितलाय आणि लगेच किडनीची सोनोग्राफी करायला सांगितलीय. घरात हे कोणालाच नाही. डोळ्याचा आणि किडनीचा काय संबंध?

उत्तर : ताई, सोनोग्राफी आधी करून घ्या, या आठवड्यातच, बाकीचं नंतर बघू. बाहुलीभोवतीचा जो रंगीत पडदा असतो ना, आयरिस, तो तुमच्या लेकीत नीट तयारच झालेला नाही, यालाच अ‍ॅनिरिडिया म्हणतात, म्हणून डोळा सगळा काळा दिसतो आणि उजेड अडवायला काही नसल्यामुळे तिला तो सहन होत नाही. हे बहुतेक वेळा पॅक्स६ नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे होतं, आणि साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तो बिघाड नव्यानेच होतो, आईवडिलांकडून आलेला नसतो, त्यामुळे गरोदरपणात माझं काय चुकलं हा विचार मनातून काढून टाका, खरंच तुमचं काही चुकलेलं नाही.

आता किडनी. अकराव्या क्रोमोसोमवर पॅक्स६ च्या शेजारीच डब्ल्यूटी१ जीन असतो. कधीकधी तो सगळा तुकडाच गळलेला असतो आणि मग किडनीत विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा किडनीचा कॅन्सर, होण्याचा धोका खूप वाढतो. म्हणून जेनेटिक टेस्ट कराच. डब्ल्यूटी१ शाबूत निघाला तर सोनोग्राफीचं चक्र थांबवता येतं, नाहीतर साधारण आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी करावी लागते, आणि गाठ लवकर सापडली तर उपचार चांगले होतात.

डोळ्यांचं म्हणाल तर डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, रेटिना, त्याच्या मध्यभागाची वाढही बऱ्याचदा अपुरी असते, त्यामुळे चष्म्याने नजर पूर्ण येईल असं मी सांगणार नाही, पण नंबर असेल तर चष्मा लावायचाच, बाहेर नेताना टोपी आणि गडद काच. डोळ्यातलं प्रेशर मात्र आयुष्यभर तपासत राहायचं, कारण काचबिंदू पुढे कितीतरी वर्षांनीही येतो. डोळा मोठा किंवा धुरकट दिसायला लागला, पाणी वाहायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि हो, तुम्ही दोघांनीही डोळे तपासून घ्या, सौम्य अ‍ॅनिरिडिया मोठ्या माणसांत लक्षातच आलेला नसतो, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हे आधी कळायला हवं.