सरीसृप क्लबच्या मेळाव्याला बॉल पायथन पहिल्यांदाच नेताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय, दोन वर्षांचा बॉल पायथन (बिनविषारी, छोट्या अजगराची जात) मेळाव्याला नेऊ का, आणि न्यायचा तर कसा. नेता येईल, पण आधी त्याच्याकडे बघून ठरवा. डोळे निळसर, दुधाळ दिसत असतील तर तो कात टाकायला आलाय. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो बिथरतो. नाकातोंडातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर मेळावा सोडा, पशुवैद्याकडे न्या.

आधीचे 48 तास तरी खायला देऊ नका. उंदीर मोठा असेल तर चार दिवस आधीच देऊन मोकळे व्हा. भरल्या पोटी हाताळलं तर साप भक्ष्य ओकतो. सोबत येणाऱ्या आम्लाने अन्ननलिका पोळते, आणि मग दोनेक आठवडे त्याला उपाशी ठेवावं लागतं.

नेण्यासाठी उशीचा अभ्रा उत्तम. तो उलटा करा, म्हणजे शिवणीचे सुटे धागे आत राहत नाहीत. साप तळाशी गेलाय ना हे चाचपून मगच वर गाठ मारा. ही पिशवी भोकं पाडलेल्या, कडीच्या डब्यात ठेवा. आतलं तापमान 25 ते 29 अंश असावं. उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

खरी काळजी तिथून घरी काय येतं याची. सापाच्या अंगावरचे माइट्स, म्हणजे बारीक परजीवी किडे, जेमतेम मिलिमीटरभर, काळ्या ठिपक्यांसारखे. ते डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत लपतात, कपड्यांवरूनही येतात. म्हणून आपला साप दुसऱ्याच्या टेबलावर सोडू नका, पिशवी उसनी देऊ-घेऊ नका. कासवांपासून तर लांबच राहा: ज्या अमिबाने कासवाला सहसा काही होत नाही, तो सापाच्या आतड्यात जीवघेणा ठरतो.

प्रत्येक प्राण्यानंतर साबणाने हात धुवा. निव्वळ सॅनिटायझरवर विसंबू नका, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जंतू त्याने मरत नाही. साल्मोनेला या रोगजंतूमुळे पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका, आणि खाण्याचं टेबल वेगळं ठेवा.

एका वेळी दहा मिनिटं हाताळणं पुरे. त्याने डोकं आत घेऊन चेंडू केला की लगेच पिशवीत ठेवा. लोक बघायला थांबलेत म्हणून त्याला उलगडू नका.

घरी आल्यावर कपडे आणि अभ्रा गरम पाण्यात टाका. घरात आणखी साप असतील तर याला 60 ते 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी रोज नजर टाका, बुडालेले माइट्स तिथेच आधी दिसतात. दोन दिवस त्याला हात लावू नका. पुढचं भक्ष्य नाकारलं तर जबरदस्ती नको. आठवड्याने पुन्हा द्या.